घाण खाणारे

गुरुजी, तुम्ही मला फेकायला लावलेल्या गोगलगाई आता दुकानात विकत मिळतात. माझ्या नातीच्या घरी काचेच्या पेटीत खारं पाणी आहे, त्यात प्रवाळ आणि रंगीत मासे. तळाशी गोगलगाई आणि शंखात राहणारे खेकडे सोडलेत. माशांनी सांडलेलं, कुजलेलं ते खातात आणि पाणी नितळ राहतं. नातीला हे दुकानदाराने शिकवलं. मला माझ्या आईने शिकवलं होतं, आरमोरीला, मी तुमच्या सातवीच्या वर्गात होते तेव्हा. तेव्हा तुम्ही ऐकलं नाही, आता ऐका.

वर्गातली काचपेटी म्हणजे तुमचा जीव की प्राण. दर शनिवारी ती रिकामी करायची, राखेने घासायची, विसळून विहिरीचं ताजं पाणी भरायचं, आणि सोमवारी एखादा मासा उलटा तरंगत असायचा. हे काम माझ्याकडे होतं आणि मी ते मिरवायची. घरी सांगितलं तर आई जाळं झटकत हसली. आमचं घर मासेमारीचं. जाळ्यात आलेल्या गोगलगाई ती नेहमी बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, परत सोडायची. म्हणाली, "खाली खानारं कोनी नाई तं पानी नासनारच ना व! बोडीले कोन राखेनं घासते?" पुढे तुम्ही हिवतापाने महिनाभर घरी होतात. मी पेटीत वाळू घातली, बोडीतल्या आठ-दहा गोगलगाई आणि मूठभर झिंगे सोडले आणि शनिवारची घासाघीस बंद केली. पाणी असं निवळलं की पेटीतून पलीकडच्या भिंतीवरचा नकाशा दिसायचा. महिनाभरात एक मासा मेला नाही.

तुम्ही परत आलात. मला अजून दिसतंय, तुम्ही पेटीजवळ वाकलेले आहात, खूश आहात. "कोनं धुतली एवढी साफ?" कोनीच नाई गुरुजी, मी सांगते, गोगलगाईनं ठेवली. तेवढ्यात काचेवर चढलेली एक तुम्हाला दिसते. "घाण खानारे जीव! घरची सवय शाळेत आनाची नाई, समजलं? काढ हे सारं, अन् घास." अख्खा वर्ग हसला. मला बोलला असतात तर मी सोसलं असतं. तुम्ही माझ्या आईला बोललात, आणि तिच्याच टोपलीतले मासे तुमच्या ताटात असायचे. सोमवारी पाचही मासे मेलेले होते. "तुह्या हाताले गुन नाई," म्हणालात आणि पेटी दुसऱ्या मुलीकडे दिली.

चुकलात गुरुजी, साफ चुकलात. पुढे मीही मास्तरीण झाले. माझ्या वर्गात कायम पेटी होती आणि मी ती एकदाही घासली नाही. साहेब तपासणीला आले, नाक मुरडून गेले, तरी नाही. पोरांना पहिल्या दिवशी सांगायची, खालचे खातात म्हणून वरचे जगतात. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी आले नाही, आणि त्याचंही मला वाईट वाटत नाही.

हे पत्र कुठे पोचणार नाही तेच बरं, कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर मी मेले तरी कबूल केली नसती. त्या शनिवारी मी राख दुप्पट घेतली आणि पेटी विसळलीच नाही. मासे मरतील हे मला माहीत होतं. मरावेत आणि तुम्हाला दिसावेत, म्हणूनच. घरी आईने विचारलं, "सारेच कसे मेले व?" मी तुमचं नाव सांगितलं.