तिथं तुझं नाव काहून घेतलं

प्रिय मोहित,

तुझा मेसेज येऊन आज अकरा दिवस झाले. एकच ओळ होती, "दुर्ग्या, तिथं माझं नाव काहून घेतलं गा?" आणि पुढे हसणारा चेहरा. मी तीनदा उत्तर लिहिलं. तिन्ही वेळा "सवय" एवढाच शब्द लिहिला, पूर्णविराम दिला आणि खोडून टाकला. मेसेजमध्येही पूर्णविराम देणारा नागपुरात मी एकटाच, असं तू म्हणायचास. शेवटी सक्करदऱ्याच्या दुकानातून रेघांची वही आणली आणि आज सकाळी चहा झाल्यावर लिहायला बसलो. आधी कच्चं लिहिलं, हे पक्कं आहे. बारावी अर्धवट सोडलेल्या माणसाचं पत्र आहे, तरी चूक सापडली तर सांग.

बँकॉकची कॉम्प्युटर गेमची स्पर्धा खेळून आल्यापासून मी नुसता पडून आहे. धावून दमतो तसं हे दमणं नाही. जेवतो, पडतो, उठलो की कानांत हेडफोन घातल्यासारखंच वाटतं. तिथला हॉल लग्नाच्या लॉनपेक्षा मोठा आणि इतका थंड की बोटं आखडायची. सोळा देशांचे सोळा संघ. समोर भिंतीएवढ्या पडद्यावर आपल्या संघाचं नाव आलं, "उमरेड रोड", आणि निवेदक ते "अम्रेड रोड" म्हणाला. सौरव माझ्या कानाशी लागून म्हणतो, "पाहून घे बाबू, यस्टीच्या पाटीवर बी एवढं मोठं लिहीत नाहीत." त्या दिवशी हसलो तेवढंच. तुझ्या घरून रुख्मिणीकाकूंनी दिलेल्या सांभारवड्या आम्ही दोन दिवस पुरवून खाल्ल्या. तेल झिरपून माझ्या माऊसच्या पिशवीला लागलं, अजून वास येतो. काकूंना हे सांगू नकोस, त्या मनाला लावून घेतील. वड्या चांगल्या होत्या एवढंच सांग.

विमानतळावर तू डबा घेऊन आलास तेव्हा तुझ्या दुखऱ्या मनगटाला पट्टा नव्हता. मी डब्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं नाही.

तुझ्या जागी खेळलेल्या पियूषबद्दल तू विचारत नाहीस, पण सांगतो. पोरगा गुणी आहे. कामठीचा असल्यामुळे उमरेड रोडशी त्याचा काही संबंध नाही, आणि आपल्या खेळातल्या जागांची सगळी नावं तर त्याच रस्त्यावरची. मी नागपुरात राहायला येण्याआधी आपण दोघं सकाळच्या यस्टीनं कॅफेत सरावाला यायचो तेव्हा तूच ती ठेवली होतीस. नकाशात जिथं कायम गर्दी होते ते अरुंद फाटक दिघोरी. पायऱ्या म्हणजे विहीरगाव. मधला उघडा चौक पाचगाव. आणि शेवटचा खोल खड्डा उमरेड, कारण तिथली कोळशाची खाण. "खाणीत उतरलो गा!" असं तू ओरडलास की कॅफेतले बाकीचे लोक वळून पाहायचे. दुसऱ्या संघाला ऐकू गेलं तरी काही कळू नये, ही तुझी युक्ती. पियूषनं ती नावं पाढ्यांसारखी पाठ केली. तरी मला धीर निघेना, म्हणून एका दुपारी मी त्याला बसनं उमरेडपर्यंत नेलं आणि खिडकीतून एकेक थांबा दाखवला. विहीरगावला तो म्हणाला, "दादा, इथं पायऱ्या तं नाहीतच." मी म्हटलं, नाहीतच. उमरेडला उतरून तुझ्या घरी जायचं होतं. आम्ही स्टँडवरूनच परत फिरलो.

आता तो सामना. तू पाहिलाच आहेस, पण माझ्या खुर्चीतून तो कसा दिसला ते ऐक. पहिला सामना आपण जिंकलो, दुसरा हरलो. तिसरा व्हिएतनामच्या संघाशी. जो जिंकेल तो पुढच्या फेरीत, जो हरेल तो घरी. दोघांचे बारा-बारा डाव झाले होते. शेवटच्या डावात मी पाचगावलाच पडलो. मेलेल्या माणसाला या खेळात बोलता येतं, एवढंच त्याच्या हातात उरतं. बाकी तिघं बॉम्बजवळ होते आणि पियूष एकटा विहीरगावच्या पायऱ्यांवर, त्याची पाठ दिघोरीकडे. सौरवला त्यांचा एक गडी ओझरता दिसला आणि कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर लाल ठिपका उमटला. तो ठिपका दिघोरीतून पायऱ्यांकडे सरकत होता. माझं काम सोपं होतं. आणि मी ओरडलो, "मोहित, मागं! मोहित, मागं बघ!"

पियूष वळला नाही. अर्धा सेकंद थांबला असेल. तेवढ्यात तो पडला, आणि सामनाही गेला.

सौरवनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि माझ्या पाठीवर थाप मारली, ती मला शिवीपेक्षा जड गेली. हॉटेलच्या लिफ्टमध्ये पियूष म्हणाला, "दादा, तू मोहितदादाले आवाज देल्ला. मले वाटलं, माझ्यासाठी नाही." तक्रार नव्हती त्यात. तो माफी मागत होता, माझी. मला एकोणीस वर्षांच्या त्या मुलाकडे पाहवेना. मग कोणीतरी तेवढाच तुकडा कापून इंटरनेटवर टाकला, खाली लिहिलं, "हा मोहित कोण?" लोक हसले. इथं आल्यावर कॅफेतही विचारतात, मी म्हणतो सवय, आणि लोकांना ते पटतं. तीन वर्षं त्या पायऱ्यांवर तूच उभा असायचास. तुझं मनगट दुखलं, नावं पाठवायची तारीख निघून गेली, पियूष आला, आणि कप्तानाच्या जिभेला जुनंच वळण राहिलं. अशी सगळी गोष्ट सरळ बसते. तूही ती तशीच बसवली असशील. "जाऊ दे गा, तू काय करशील," हे तुझेच शब्द.

पण ती गोष्ट तशी नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. तुला माझा स्वभाव माहीत आहे. बस सुटायच्या तासभर आधी मी स्टँडवर असतो. नावं पाठवायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत होती. तुला धंतोलीच्या डॉक्टरांनी गुरुवारी बोलावलं होतं. मला तोवर थांबता आलं नाही. सोमवारीच मी तुझ्या जागी पियूषचं नाव टाकलं आणि फॉर्म पाठवून दिला, कोणालाही न विचारता. गुरुवारी दवाखान्याबाहेर उसाच्या रसाच्या गाडीपाशी मी तुझी वाट पाहत होतो. तू मूठ उघडमीट करत बाहेर आलास, "खेळ म्हणते डॉक्टर! खेळ म्हणते!" आणि मी म्हणालो, तारीख गेली. मोहित, तारीख गेली नव्हती. अख्खा एक दिवस बाकी होता. आयोजकांना एक ईमेल करून नाव बदलता आलं असतं, तसं नियमांत लिहिलेलं होतं आणि नियम मी दोनदा वाचले होते. मला भीती वाटली की ते म्हणतील, या संघाचं काही ठरलेलं नसतं, आणि आपल्या सगळ्यांनाच काढतील. एवढ्याशा भीतीपायी तुझी जागा गेली, आणि तू मला रस पाजलास. बँकॉकमध्ये मी पियूषला हाक मारत नव्हतो. त्या पायऱ्यांवर मला तूच दिसत होतास, तीन दिवस, प्रत्येक डावात. म्हणून तुझं नाव घेतलं. पुढच्या स्पर्धेचा फॉर्म आला आहे, मुदत वीस तारखेची. आज चार आहे. मी त्यात एकही नाव भरलेलं नाही, माझंसुद्धा नाही. रोज उघडतो, हात शिवशिवतात, बंद करतो. सौरव आणि पियूषला काल सगळं सांगितलं. पियूष म्हणाला, "पहिले मोहितदादाले इचार." येत्या रविवारी सकाळच्या बसनं मी उमरेडला येतो. स्टँडवर बसून राहीन. तू आलास तर फॉर्म आपण दोघं मिळून भरू, त्यात कप्तान म्हणून कोणाचं नाव घालायचं ते तू सांग. नाही आलास तर दुपारच्या बसनं परत जाईन आणि काकूंना मी आल्याचं कळू देणार नाही.

अजूनही म्हणायचा हक्क असेल तर,
तुझाच
दुर्गेश