चारही काचा खाली

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांची गाडी परवा पोचली. ट्रेलरवाल्याने ती माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये ढकलली तेव्हा मागचा बंपर त्याच्या हातात आला. त्याने तो माझ्याकडे दिला आणि सहीसाठी कागद पुढे केला.

गोड शब्दांत लिहायचं ठरवून बसले होते, पण मधाचं बोट लावायला जागाच नाही. काल कामाला सुरुवात केली. आधी जॅक लावला. जॅक वर गेला आणि गाडी जागच्या जागी, कारण जॅकने खालचा पत्रा फाडून आत मुंडकं खुपसलं होतं! मग हातोडीने ठोकत फिरले. धड पत्रा टणटण वाजतो. आपल्या गाडीचा भस्स आवाज येतो आणि ओल्या बिस्किटासारखा चुरा पडतो. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यात स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. वेल्डर बघून गेला. म्हणाला, जोड द्यायला निदान एक बाजू तरी लोखंडाची लागते, इथे कशाला काय जोडू? हातापाया पडून त्याला कबूल केलंय. आधी डावी बाजू कापून काढायची, मग नवा पत्रा.

चाळीस वर्षं लोकांची शिवणयंत्रं दुरुस्त करते मी. लोखंड किती दिवसांत किती गंजतं हे मला शिकवू नकोस. बाबा जाऊन आठ वर्षं झाली. आठ वर्षांत अशी दैना आपोआप होत नाही. ताडपत्री कुठे गेली? आणि चारही काचा खाली कशा? एखादी काच तुटते, एखादी घसरते. चारही काचा कुणीतरी हँडल फिरवल्याशिवाय खाली जात नाहीत. मागच्या सीटमध्ये गवत उगवलंय दादा, गवत!

बाबांनी गाडी तुला दिली, कारण तू मुलगा. दहा वर्षांची होते तेव्हापासून त्यांच्यामागे टॉर्च धरून मी उभी राहायचे, नंबराप्रमाणे बोल्टचे पाने मी हातात द्यायचे. मला ती मागायचीही सोय नव्हती. तुला आयती मिळाली आणि तू तिची माती केलीस. अक्षरशः माती. दोन घमेली भरून ठेवलीय.

उत्तर लगेच पाठव. शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो आहे, पण या घटकेला कुठे ठेवलाय ते सापडत नाही.

तुझी,
चिमणी


९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. साठीला आलीस तरी चोच तीच. काचा कुणी खाली केल्या हे विचारतेस ना? मी केल्या. ताडपत्री मी काढली. गाडी माझ्या अंगणात आली त्याच दिवशी, बाबांचे दिवस सरायच्या आत, मी चारही हँडलं फिरवली आणि पावसाची वाट बघत बसलो. हे मी तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. ती समजते मी आळशी.

आता कारण ऐक. आई गेली तेव्हा तू शिवणयंत्रांच्या कंपनीत, नोकरीच्या गावी होतीस. तुला एवढंच सांगितलं की पावसामुळे वाहन वेळेवर मिळालं नाही. वाहन घरातच उभं होतं, चिमणे. दुपारी आईच्या छातीत कळ आली, घामाने पदर भिजला. मी गाडीची किल्ली मागितली. बाबा शेडच्या दारात आडवे हात करून उभे राहिले. म्हणाले, या पावसात गाडी बाहेर निघणार नाही, खालचा पत्रा कुजेल. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. परत विचारलं. परत तेच. मी ओरडलो, हात धरून ओढलं, पण ते दारातून हलले नाहीत. पाव तास मी त्या दारात घालवला. मग धावत नाक्यावर गेलो, भिजत उभा राहिलो, एक टेम्पो मिळाला. आई वाटेतच गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

पत्रा कुजेल म्हणाले ना? म्हणून मी तो कुजवला. दर पावसाळ्यात खिडकीत चहा घेऊन बसायचो आणि बघायचो. तुला माती दिसली. मला ती बघून आठ वर्षं बरं वाटत होतं.

तू गाडी मागितलीस तेव्हा नको म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून दिली. आता कर काय करायचं ते. मला मात्र तिची खबर कळवू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते रागावर अवलंबून नाहीत.

तुझा,
दादा


१५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं तू हे पोटात ठेवलंस, आणि मी दर सुटीला येऊन त्या माणसाचे पाय चेपत होते. आई गेल्यावर त्यांनी गाडीला हात लावणं सोडलं, तेव्हा दुःखाने सोडलं असं मी जगाला सांगत फिरले. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून आईसाठी रडले. तू समोर बसून बघत होतास. एका शब्दाने थांबवलं नाहीस.

त्यांचा राग येतो त्याहून तुझा जास्त येतो. ते गेले, त्यांच्याशी भांडायचं कसं? तू आहेस, आणि तू मला आईच्या मरणातून वगळलंस. धाकटी म्हणून की मुलगी म्हणून, ते तूच ठरव.

वेल्डरला नको म्हणून सांगितलं. तो कापायचं यंत्र उचलून निघाला तेव्हा म्हणाला, बाई, आता कुठे मला उत्साह आला होता. भंगारवाल्याला बोलावलंय. इंजिन सुटं काढून ठेवा, मग गाडी उचलतो म्हणाला. ते काढते आणि हा विषय संपवते.

वहिनींना नमस्कार. तुला आज फक्त रीत म्हणून.

चिमणी


२२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खबर कळवू नकोस म्हणाला होतास. कळवतेय. उभ्याने वाचत असशील तर खाली बस.

इंजिन काढायला घेतलं. वरच्या झाकणाचे बोल्ट आठ वर्षांच्या गंजाने जाम असतील म्हणून तेल घालून ठेवलं होतं. पाना लावला तर ते गरगर फिरले. कुणी आवळलेच नव्हते, नुसते हाताने बसवलेले. झाकण उचललं. चार पिस्टन हवेत, आत दोनच. दोन भोकं रिकामी. बाकीचे दोन डिकीत स्टेपनीखाली सापडले, तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलेले. वर्तमानपत्रावरची तारीख आई जायच्या सतरा दिवस आधीची.

वर्तमानपत्र नंतरही वापरलेलं असू शकतं, म्हणून मी आपल्या गावच्या, बाबांच्या ओळखीच्या जुन्या मेकॅनिककडे जाऊन आले. आता ऐकू कमी येतं त्याला, पण आठवण शाबूत आहे. आई जायच्या आधीच्या आठवड्यात बाबा त्याच्याकडे पिस्टनची तुटलेली रिंग घेऊन आले होते. इंजिन स्वतः उघडलं होतं आणि जुळवता येत नव्हतं. तो म्हणाला, गाडी ओढून आणा, मी बसवून देतो. बाबा भडकले. माझ्या गाडीला परका हात लागणार नाही, म्हणाले. जाताना त्याला बजावून गेले की घरी कुणाला बोलू नकोस. आई गेल्यावर ते त्याच्या दुकानावरून जायचे, तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

दादा, त्या दिवशी गाडी निघालीच नसती. ती दोन पायांवर उभी होती. बाबांनी पत्रा वाचवला नाही, अब्रू वाचवली. पत्र्याचं नाव पुढे केलं, कारण मला जमलं नाही हे त्यांच्या तोंडातून निघालं नाही. तू त्यांना राक्षस समजलास, ते त्यांना चाललं.

मला वाटलं होतं हे कळल्यावर राग उतरेल. दोन दिवस झाले, मी भांडी आपटतेय. भंगारवाल्याला तूर्त थांबवलंय. का, ते माहीत नाही.

माया तेवढीच आहे, आणि ती तुलाही आहे हे मी धरून चालते.

तुझी,
चिमणी


२९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचून घेतलं. मला बरं वाटेल असं तुला वाटलं असेल, तर नाही वाटलं. उलट जास्त पेटलो. गाडी बंद आहे. तीन शब्द. तेवढे बोलले असते तर मी त्या दारात पाव तास वाया घालवला नसता. शेजारच्या औषधवाल्याकडे व्हॅन होती, ते मला नंतर आठवलं. आई वाचली असती का ते देव जाणे. पण तो पाव तास तिचा होता. बाबांनी तो स्वतःची इभ्रत झाकायला वापरला.

कद्रू बापावर रागावणं सोपं होतं. एकोणीस वर्षं सवय झाली होती. आता भेदरलेल्या बापावर रागवायचं, ते मला जमत नाहीये. आडवे केलेले ते हात डोळ्यांपुढून हलत नाहीत. मला ते अडवणारे दिसले होते. ते थरथरत होते, हेही मी तेव्हा पाहिलं होतं. मला वाटलं, संतापाने.

आणि मी? मेलेल्या गाडीला आठ वर्षं मारत बसलो. खिडकीत चहा घेऊन!

तुला वगळलं, ते धाकटी म्हणूनही नाही आणि मुलगी म्हणूनही नाही. किल्ली मी हिसकावून घेतली नाही याची लाज होती. चुकलो. भेटशील तेव्हा हवं ते बोल, मधे बोलणार नाही.

आता एक सांगतो. अक्षर बघून तू ओळखलं असशील, हे पत्र तुझ्या वहिनीने लिहिलंय. मी बोलतोय, ती लिहितेय, आणि मधेमधे पेन खाली ठेवून माझ्याकडे बघतेय. गाडीचं तिला काल सगळं सांगितलं. मला वर्षभर डाव्या डोळ्याने काही दिसत नाही, उजव्याने धूसर. मागचं पत्र कागदाला नाक लावून दोन दिवसांत लिहिलं होतं. गुडघे दुखतात म्हणून बाहेर पडत नाही, असं घरात सांगत होतो. काल तिला खरं सांगितलं. रडली, मग चांगला अर्धा तास फाडफाड बोलली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे जायचं ठरलंय.

भंगारवाल्याला घालव. वेल्डरला परत बोलाव. गाडी चालेल की नाही, यावर आपण भांडू. मला डावी बाजू कापताना तिथे असायचंय. दिसत नसलं तरी हातोडी मारून टण आणि भस्स मला कळेल.

पण चिमणे, मला एकट्याला बसने येता येणार नाही. मला न्यायला ये.

तुझा,
दादा