सरळ पायाचं मॉडेल

४ जाने., रवि.
सकाळची नाडी: मिळाली. बाबांच्या पावलावर पेनानं फुली मारली आहे, तिथंच बोट ठेवते. ऑपरेशनला चार महिने झाले. पायाची रक्तवाहिनी तुंबली होती; दुसऱ्या पायातली नस काढून गुडघ्यामागून खाली जोडली, म्हणून पाय वाचला. पीएच.डी.ला तीच नस घेतली मी: रक्त नसेच्या भिंतीला कसं घासतं, भिंत कुठं जाड होईल. कम्प्युटरवरचं मॉडेल झकास आलं. कुठंच धोका नाही. गाईड सरांना पाठवलं.
बाबा बुद्धविहारातून आले. दीड तास मांडी घालून!

५ जाने.
बाबांचा स्कॅन सरळ झोपवून काढलेला. माझी नस सरळ. अन् हा माणूस जेवतो मांडी घालून, पेपर वाचतो मांडी घालून, अंगणात दात घासतो उकिडवा. रोज ताटाला ताट लावून जेवली, तरी दिसलं नाही. बावळट!
सरांना फोन. "अगं, सगळे सरळच घेतात. आधी पेपर जर्नलला जाऊ दे."
ते सगळे खुर्चीवर बसतात, सर. हे फोन ठेवल्यावर वहीत.

८ जाने.
गुडघा वाकवून चालवलं. नसेच्या खालच्या जोडाजवळ रक्त रेंगाळतं. भिंत तिथंच जाड होणार. वाक अंदाजाचा आहे, चुकला असेल. चुकलेलाच असू दे.
बाबांना म्हटलं, विहारात खुर्ची घ्या. भडकले. "जवाहरनगरले फॅक्टरीत साहेब खुर्चीवर, आमी खाली. विहारात सारे एका सतरंजीवर. तिथं बी खुर्ची मांडू? तुह्या कम्प्युटरले मांडी घालता येत नाही, अन् मले शिकवून राहिली!"
बाबांनी फुली साबणानं घासून काढली. मी भांडली, मग रडली. आई म्हणे, दोघंही हेकट.

११ जाने., रवि.
विहारातून लंगडत आले. पाऊल गार. फुली नाही, बोट दोनदा चुकलं. नाडी आहे, पण मंद. डॉक्टर फोनवर: उद्या सकाळीच नागपूरला आणा.
देवा, माझं गणित चुकू दे. (देव मानत नाही आम्ही. तरी.)

१२ जाने.
गाडी सहाला येते. बाबा केव्हाचे तयार, खुर्चीवर, पाय सरळ. कोणी सांगितलं नव्हतं.
"सोनोग्राफीवाल्याले सांगजो, वाकवून बी पाहा म्हणा. तुह्यं बरोबर निघालं तर..." पाय पुढं केला.
त्यांना मोजा घालायला वाकली. पावलावर फुली होती. माझ्या पेनाची नाही. हिरवी, वाकडीतिकडी, बरोबर नाडीवर.