रामेश्वरपर्यंतचं लगेज

६ मार्च १९३८, रविवार
आज ठरलं. भोर ते रामेश्वर, मोटरसायकलनं. २ मेला प्रस्थान.

मशीन आनंदचं, साइडकारवालं. आनंद म्हणजे आमचा शेजारी, हायस्कुलात गणित शिकवतो, वय तीस, लग्नाचं नाव नाही. तो चालवणार, मी साइडकारमध्ये बसणार. चालवणं हे हातापायांचं काम. खरा प्रश्न लगेजचा, आणि तो मी माझ्याकडे घेतला. आनंद म्हणाला, एकेक पिशवी पुरे. मी नुसता हसलो. संस्थानच्या महसूल दफ्तरात एकोणीस वर्षं कागदांचे रुमाल बांधतोय, मला कोणी बांधाबांध शिकवू नये.

ही रोजनिशी माझ्यापुरती. कोणी वाचायची नाही.

७ मार्च
लिस्ट केली. एकशे चार नग. मालिनीला वाचून दाखवली. ती म्हणाली, यात तुम्ही धरून एकशे चार की सोडून? कळलं नाही. बायकांना लिस्ट कळत नाही.

मालिनी माझी धाकटी बहीण. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून बारा वर्षं माझ्याकडे. माझी बायको गेल्यापासून सगळं घर तिच्याच हातात. मी आश्रय दिला हे कधी बोलून दाखवत नाही. फक्त इथे लिहून ठेवतो.

१३ मार्च
पत्र्याची ट्रंक की चामड्याची बॅग? ट्रंक पावसाला दाद देत नाही. बॅग वाकते. मे महिन्यात पाऊस नसतो असं आनंद म्हणाला. दक्षिणेत कधी गेलाय हा? मीही गेलो नाही, पण मी विचार केलाय.

निर्णय: दोन्ही.

२० मार्च
आनंदबरोबर वेल्ह्याला जाऊन आलो. तिथे गेनबा म्हणून म्हातारा आहे, तट्टांची खोगिरं शिवतो. त्याला मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लोंबतील अशा चामड्याच्या पिशव्या सांगितल्या. एका अंगाला साइडकार आहे हे त्यानंच दाखवलं. मला ठाऊक होतं. मी त्याची परीक्षा घेत होतो. मग दोन्ही पिशव्या एकाच अंगाला लावायच्या ठरल्या.

गेनबानं लिस्ट ऐकून घेतली, तंबाखू मळली आणि म्हणाला, "सायेब, तट्टावर वझं लई झालं की ते हुबं ऱ्हातं. ही फटफटी कशी सांगनार?"

खेडवळ प्रश्न. उत्तर द्यायच्या लायकीचा नव्हता. आनंद मात्र परतीच्या वाटेवर दोनदा आपल्याशीच हसला.

२८ मार्च
मालिनीनं पुन्हा तो फॉर्म पुढे केला. पुण्याच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजचा. दोन वर्षांचा कोर्स, पुढे मास्तरीण. गेल्या साली ती सातवीची फायनल पास झाली, मला न विचारता. म्हणजे विचारलं होतं, पण मी कामात होतो. फॉर्मवर पालकाची सही हवी म्हणे. म्हटलं, रामेश्वराहून आलो की शांतपणे बघू. ती म्हणाली, तोवर मुदत जाईल. म्हटलं, मुदती दर साल येतात.

हरवू नये म्हणून फॉर्म ट्रंकेत 'महत्त्वाचे कागद' या कप्प्यात टाकला. किल्ली माझ्याकडे.

८ एप्रिल
मालिनीनं ट्रंकेला आणि होल्डॉलला ताडपत्रीचे गलेफ शिवले. चार दिवस लागले. शिलाई वाकडी होती, तसं सांगितलं. तिनं उसवून परत शिवली. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या, त्यामुळे स्वयंपाकाला उशीर. सहन केला.

हल्ली संध्याकाळी आनंद येतो. लगेजची प्रगती बघायला. तिला काहीतरी गणित समजावत बसतो. मी लगेजबद्दल बोलू लागलो की दोघं गप्प होतात. इतकं लक्षपूर्वक माझं बोलणं दफ्तरातही कोणी ऐकत नाही.

१७ एप्रिल, रविवार
ट्रायल. सगळं लगेज बांधून मार्गासनीपर्यंत जायचं आणि परत यायचं. साइडकारमध्ये ट्रंक, वेताची पेटी, स्टोव्ह, कंदील, होल्डॉल. गेनबाच्या पिशव्या एका बाजूला, त्यामुळे मशीन त्या बाजूला ओढ घेत होतं. मी आनंदच्या मागे, मांडीवर चामड्याची बॅग. तात्पुरती व्यवस्था.

मार्गासनीच्या अलीकडे चढाला मशीन थांबलं. मग मागे जाऊ लागलं. मग साइडकारच्या स्प्रिंगची एक कमान मोडली. रस्ता वाईट. असल्या रस्त्यांवर ट्रायल घेणंच चूक, तसं आनंदला सुनावलं. त्यानं सामान उतरवलं.

शेजारच्या वस्तीवरली ठकुबाई नावाची म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली. आमच्या सामानाभोवती एक फेरी मारली आणि तिनं विचारलं, "संसार कुठं हलीवला, बाबा?" म्हटलं, रामेश्वरला. तिनं हात जोडले. मला नाही, रामेश्वराला.

मशीन ढकलत आणलं. म्हणजे आनंदनं. कोणीतरी लगेजजवळ थांबणं जरूर होतं, मी बैलगाडीतून लगेजसोबत आलो.

१८ एप्रिल
आनंदचा आग्रह: अर्धं लगेज काढा. काढलं. एक कंदील. त्याऐवजी मोडलेल्या कमानीचा अनुभव घेऊन हत्यारांची पेटी वाढवली.

२२ एप्रिल
पोस्टमननं पत्र मालिनीच्या हातात दिलं. कॉलेजचं. मुलाखत ३ मे, मंगळवार, सकाळी अकरा. अर्ज गेलाच कसा असं विचारलं. तर आनंदच्या हेडमास्तरांनी दुसरा फॉर्म आणून दिला, आणि सज्ञान बाईला पालकाची सही लागत नाही असं त्यांनीच चौकशी करून सांगितलं. कारस्थान. पण मी शांत राहिलो.

निघताना पुण्याला सोडाल का, असं तिनं विचारलं. म्हटलं, आम्ही जाणार दक्षिणेला, पुणं उत्तरेला. मुलांना भूगोल शिकवायला निघालेल्या बाईला एवढं कळू नये? शिवाय साइडकारमध्ये जागा कुठे आहे? मग सर्व्हिस मोटारीनं जाते म्हणाली. एकटी बाई सर्व्हिस मोटारीनं जाणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. प्रश्न मिटला.

ती पानं वाढून उठली. जेवली की नाही पाहिलं नाही. मी लिस्टमध्ये होतो.

३० एप्रिल
दफ्तरात निरोप समारंभ. हार, नारळ. दोन महिन्यांची रजा मंजूर. साहेब म्हणाले, असं धाडस आपल्या दफ्तरात आजवर झालं नाही. खरं आहे. जुलैत वाचनालयात माझं व्याख्यानही जाहीर झालं: 'मी पाहिलेली दक्षिण'. फोटो काढला. लगेज पुढे, मी मध्ये, मशीन मागे. आनंद फोटोत आला नाही. चाकाखाली होता, काहीतरी आवळत होता.

२ मे, सोमवार, सकाळी सहा
लगेज चढवतोय. सिस्टिमप्रमाणे.

त्याच दिवशी, दुपार
काही अडचण आली.

सगळं बसलं. एक नगही राहिला नाही. गल्लीतले लोक बघत होते. बाळाबाईंनी, समोर राहणाऱ्या आजींनी, दही आणलं माझ्या हातावर घालायला. तेव्हा आनंद म्हणाला, "रघुवीरराव, आता तुम्ही कुठे बसणार ते सांगा. बाकी सगळं बसलंय."

प्रश्न रास्त होता, पण वेळ चुकीची. लोकांसमोर विचारायला नको होता. साइडकार तर भरलेलीच. मागच्या सीटवर मी सीटसाठीच घेतलेल्या गाद्या. त्यांच्यावर बसून पाहिलं, उतरावं लागलं. गादीसकट.

म्हटलं, एक दिवस दे, नवी योजना करतो. आनंद म्हणाला, उद्या सकाळी सहाला मशीन सुटेल. तुम्ही आणि एक पिशवी. नाहीतर नाही. हे म्हणताना तो माझ्याकडे नाही, ओसरीकडे बघत होता. ओसरीवर मालिनीशिवाय कोणी नव्हतं.

दही खाल्लं. वाया कशाला घालवायचं.

३ मे, मंगळवार
सकाळी उठायला साडेसहा झाले. कालची दगदग. बाहेर येऊन पाहतो तर सगळं लगेज ओसरीवर ओळीनं मांडलेलं, गलेफ घातलेलं. साइडकार रिकामी. रिकामी म्हणजे तिच्यात मालिनी, मांडीवर कापडी पिशवी एक. आनंद मशीनवर. दोघं माझी वाट बघत होते, हे मात्र मान्य केलं पाहिजे. न सांगता गेले नाहीत.

मालिनी म्हणाली, "दादा, माझी मुलाखत अकराला आहे. तुमचं सामान ओसरीवर लावलंय. एकशे चार नग मोजून घ्या."

खूप काही बोलता आलं असतं. कोणाच्या परवानगीनं? लोक काय म्हणतील? समोर बाळाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नीट जा गं पोरी. विचारतील त्याची उत्तरं सावकाश दे." म्हणजे लोक म्हणजे मीच. बाकी कोणी काही म्हणालंच नाही.

मी म्हटलं, येताना पुण्याहून चांगली सुतळी आण.

मशीन सुरू झालं होतं. तिनं काहीतरी उत्तर दिलं, ऐकू आलं नाही. बहुधा किती आणू असं विचारलं असेल.

३ मे, संध्याकाळ
अजून परतले नाहीत. नवी योजना तयार आहे. चौसष्ट नग. आनंद खूश होईल.

४ मे
नाहीत. भात केला. खालून लागला, वरून कच्चा. स्टोव्ह प्रवासाचा होता, घरात नीट चालत नाही.

६ मे
पत्र. तिचंच अक्षर. मालिनीची निवड झाली. वसतिगृहात जागा मिळाली, एका बाईंच्या ओळखीनं राहायलाही लगेच गेली. दोन वर्षं. सुट्टीत येईन की नाही, अभ्यासावर आहे. डाळीचे डबे कुठे आहेत ते लिहिलंय. मी कसा आहे हे विचारलं नाही. सुतळीचा उल्लेख नाही.

आनंदबद्दल एकच ओळ: त्याच दुपारी ते पुढे निघाले.

दुपारी स्टँडवर सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरला विचारलं. त्यानं आनंदला ३ तारखेलाच कापूरव्होळला पाहिलं होतं. भोरचा फाटा आला, मशीन वळलं नाही, सरळ साताऱ्याकडे गेलं. साइडकारमध्ये कोण होतं, विचारलं. कोणी नव्हतं म्हणाला. रिकामी होती.

मी तिथे बसलो असतो, तर बरोब्बर मावलो असतो. पण बिनलगेजचा माणूस म्हणजे काय? उनाड.

९ मे, भोंगवली
भोरात राहणं शक्य नाही. हार घालून निरोप दिलेल्या माणसानं बाजारात वांगी घ्यायला कसं जायचं? काळोख फिटायच्या आत बैलगाडी केली. सगळं लगेज घेतलं, प्रवासाला निघालो असं दिसायला हवं. इथे आमची थोडी जमीन आहे, ती रखमाजी कसतो. त्याच्या पडवीत मुक्काम. दोन महिने इथे बसून व्याख्यान लिहीन. दक्षिणेबद्दल ग्रंथ वाचलेत. पाहिलेल्यापेक्षा वाचलेलं जास्त व्यवस्थित असतं.

रखमाजीला सांगितलं, मी इथे आहे हे भोरात कळू देऊ नये. तो म्हणाला, "व्हय जी." मग म्हणाला, गाडीवाला तर भोरचाच हाय.

१५ मे
व्याख्यानाची दोन पानं झाली. मदुरेच्या देवळाचं वर्णन चांगलं साधलंय. माझ्याच डोळ्यात पाणी आलं.

गेनबाच्या पिशव्या रखमाजीनं मागून नेल्या. शेणखत वाहायला तट्टावर बसवल्या. शिवण मजबूत आहे म्हणाला.

२१ मे
रखमाजीची बायको साळूबाई भाकरी घेऊन येते. आज टेकली. मालिनीताई कशा हायत, विचारलं. दोन वर्षांपूर्वी मालिनी इथे सुगीला आली होती, तेव्हा तिनं साळूबाईच्या मुलीला पाटीवर नाव लिहायला शिकवलं म्हणे. मला ठाऊक नव्हतं. मी त्या वेळी खळ्यावर मापं लिहीत होतो.

साळूबाई म्हणाली, "ताई शिकाय गेल्या ते ब्येस झालं. तुमच्याकडं असल्या की लई गप ऱ्हायच्या."

ती गेल्यावर हे लिहिण्याइतकं महत्त्वाचं नाही असं वाटलं होतं. तरी लिहिलंय.

व्याख्यान आज झालं नाही.

२७ मे
रखमाजी भोरच्या बाजाराहून आला. पागोटं काढलं, बसला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, आनंदमास्तरांचं रामेश्वराहून पत्र आलंय. वाचनालयाच्या नावानं. फळ्यावर लावलंय. समुद्राचं लिहिलंय, पुलाचं लिहिलंय. एकट्यानं केलेला प्रवास असं वरच लिहिलंय.

माझं नाव आहे का, विचारलं. रखमाजीला वाचता येत नाही. पण वाचणाऱ्यानं सगळं मोठ्यानं वाचलं, त्यात आलं न्हाई जी, म्हणाला. मग म्हणाला, जुलैचं व्याख्यान मास्तरच देणार हायत.

ठीक आहे. मला तसंही घशाचा त्रास आहे.

२९ मे, रविवार
भोर. रजा रद्द करून उद्या हजर होणार. साहेबांना सांगेन, घरच्या अडचणीमुळे बेत पुढे ढकलला. लगेज भोंगवलीलाच ठेवलं, गाडीत एवढी जागा नव्हती.

दुपारी दोनला घरी पोचलो. कुलूप काढलं. आत अंधार होता. खुंटीला कोट अडकवला, बसलो, आणि "माले, जरा चहा टाक," म्हटलं.

थोडा वेळ वाट पाहिली.

मग कोट परत घातला आणि चहा प्यायला स्टँडवर गेलो.