आत्या उठली का?

प्रिय आत्या,

फोन न करता पत्र आलं म्हणजे पोरानं काहीतरी मोठं करून ठेवलंय, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. बरोबर ओळखलंस. आता बस, पण हातवाल्या खुर्चीत.

आमचा खुर्च्या-टेबलं डिझाइन करायचा वर्ग कसा भरतो, ते तुला कधी नीट कळलं नाही. डोळ्यांवर तो डबा लावून मला हवेत हात फिरवताना पाहिलंस आणि शेजारच्या काकूंना सांगून आलीस, आमच्याकडचं एक डोकं कामातून गेलं. तर त्या डब्यात एक मोठा हॉल असतो. आम्ही सातजण सात गावांतून त्यात येतो. प्रत्यक्ष कधी भेटलेलो नाही, पण एकाच खुर्चीवर दोघं दोन बाजूंनी काम करतो. एकानं पाय बारीक केला की बाकीच्यांना तिथल्या तिथे दिसतो, आणि कुणी काय बदललं ते नावानिशी नोंदलं जातं. शाळेत माझं कशात लक्ष लागलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. इथे लागतं.

खुर्ची झाली की बसवून बघायला हॉलमध्ये एक तयार माणूस ठेवलाय, तोही खरा नाही, डब्यातलाच. पंचविशीचा, सडपातळ, गुडघे कसे तेल घातल्यासारखे. आम्ही त्याला काडीराम म्हणतो. काडीराम कशावरही बसतो आणि टुणकन उठतो. त्यामुळे वर्षभर आमची एकही खुर्ची नापास झाली नाही. मला त्या काडीरामचा राग यायला लागला.

सुट्टीत मी टेप घेऊन तुझ्या मागे लागलो होतो, आठवतं? डॉक्टरांना मापं पाठवायचीत म्हणालो. थाप होती. तू उठतानाचा व्हिडिओही डॉक्टरांकडे गेला नाही. तू आधी कडेला सरकतेस, डावा हात टेबलावर, एक श्वास, मग स्वतःलाच 'चला बाई' म्हणतेस आणि उठतेस. ते सगळं मोजून मी हॉलमध्ये तुझी हुबेहूब प्रतिकृती उभी केली, अंबाड्यासकट. आणि घरचा वजनकाटा चार किलो कमी दाखवतो तो मीच बिघडवलाय, तू खूश दिसायचीस म्हणून. तुझं खरं वजन आमच्या अख्ख्या वर्गाला माहीत आहे, फक्त तुला नाही.

वर्षाखेरीला पाहुणे हॉलमध्ये आले, त्यांच्यासमोर सरांनी काडीरामला हाक मारली. आली तू. मी अदलाबदल करून ठेवली होती. पहिल्या खुर्चीत बसलीस, उठता येईना. दुसरीत तेच. सगळे हसत होते, मीही. मग सरांच्या बक्षीस मिळालेल्या खुर्चीत तुला बसवलं. ती बुटकी, मागे कललेली, हात नाहीत. तू कडेला सरकलीस, डावा हात टेबल शोधत हवेत फिरला आणि खाली आला. परत फिरला. परत खाली. हसणं कधी थांबलं कळलंच नाही. पाहुण्यांतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, माझी आई अशीच बसून राहते. सरांनी पाहुण्यांसाठी हॉल बंद केला.

माझी खुर्ची राहिलीच होती. रात्रभर थांबवेना, म्हणून एकट्यानं जाऊन तुला बसवलं. तिच्यातूनही उठली नाहीस, आत्या.

नोंदीत माझं नाव होतंच, मी नाही कशाला म्हणू? सर म्हणतात, थट्टेनं वर्गाची बेअब्रू केलीस. शनिवारपर्यंत ती बाई हॉलमधून काढ आणि लेखी माफी दे, नाहीतर तुझी जागा गेली. मी विचारलं, चूक माझी की खुर्चीची? तर म्हणाले, उद्धटपणा वेगळा मोजला जाईल. मोजू देत.

पण गंमत ऐक. ज्या सहाजणांनी मला आधी शिव्या घातल्या, त्यातल्या एकीनं, तिला आम्ही फूटपट्टी म्हणतो, दुसऱ्या दिवशी गुपचूप आपली बैठक चार बोटं वर घेतली. संध्याकाळपर्यंत तीन खुर्च्यांना हात फुटले. आता रोज कुणी ना कुणी लिहितं, आत्या उठली का? माझ्या खुर्चीतून काल उठलीस. अकराव्या खेपेला. मी डब्याच्या आत रडलो, ते कुणाला दिसत नाही हे बरं आहे.

तर लेखी माफी मागितलीय ना, ही घे. फक्त ती मागणाऱ्याला नाही, जिचा अपराध केला तिला. न विचारता तुझा गुडघा नेला, थाप मारली, काटा बिघडवला, चारचौघांत तुला हवेत हात फिरवायला लावला. चुकलो. तू 'काढ' म्हणालीस तर त्याच मिनिटाला काढीन. ते म्हणाले म्हणून काढणार नाही, जागा गेली तरी. ह्याच कागदाची एक प्रत सरांना पाठवतोय. शनिवारच्या आत फोन कर, आणि कुठल्या खुर्चीत बसून बोलतेयस तेही सांग.

तुझाच,
डबेवाला वेडा