चुडाव्याची दाढ

अप्पा, मंगळवारी तुमची चुडाव्याची दाढ माझ्या खुर्चीत येऊन बसली. ती आता बोरीच्या शाळेत शिकवते, लग्नानंतर आडनाव बदललंय, अंगानं भरली आहे. तिला मी ओळखलं नाही. दाढ ओळखली. खालची, उजवीकडची, पहिली मोठी दाढ. वरचं चांदीचं भरण गालाच्या बाजूला किंचित उतरतं घासलेलं. भरण तसं घासायची सवय या गावात फक्त तुमच्या हाताला होती. मी आरसा बाहेर काढला आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "माहेर चुडावा का?" मी विचारलं. ती गाल धरूनच हसली. "मला वाटलंच, तुमी वळखणार. तुमी तेव्हा पडद्याआडून बघायच्या."

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी अकरा-बारा वर्षांच्या होतो आणि दोघींचीही तीच दाढ किडून आत पू झाला होता. आधी माझी दुखायला लागली, आठवड्याभरानं तिची. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. पोरीला खांद्यावर घेऊनच ते दवाखान्यात शिरले आणि जय भीम म्हणाले. तुम्हीही जय भीम म्हणालात आणि तिला थेट खुर्चीत बसवायला सांगितलंत. तुमची पद्धत अशी की तोंड उघडायला सांगण्याआधी माणसाला गाव विचारायचं, गाडी विचारायची आणि मग विचारायचं, "परत येशील का?" दात ठेवायचा की काढायचा हे तुम्ही निम्मं तिथंच ठरवायचात. पू झालेला दात ठेवायचा तर मुळं साफ करायला चार-पाच वेळा यावं लागतं; माणूस एकदा येऊन ठणका थांबला म्हणून गावी बसून राहिला, तर आतलं दुखणं बंद झाकणाखाली वाढत जातं. त्यापेक्षा काढलेला बरा. लांबच्या गावचे लोक स्वतःच म्हणायचे, "काढा सायेब, कटकट मिटवा." या माणसानं मात्र तुमच्याकडे असं पाहिलं, जसं काही तुम्ही भलतंच विचारलंत. "येतो की सायेब. पास हाय मला. म्या न्हाई आलो तर रूळच उखडले म्हणून समजा." तुम्ही मोठ्यानं हसलात. दवाखान्यात तुम्हाला असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

माझी दाढ तुम्ही आदल्याच रविवारी काढली होती. दवाखान्यात नाही, स्वयंपाकघरात, खिडकीपाशी पाटावर बसवून, कारण तिथं उजेड चांगला होता. आईनं चुलीवरचं पातेलं उतरवून माझं डोकं पोटाशी धरलं. तुम्ही एकदा बघितलंत, दाढेवर टिचकी मारलीत आणि मला नाही, आईला म्हणालात, "काढू या." मी रडले तर म्हणालात, "दातांच्या डॉक्टरची मुलगी आहेस. शोभत नाही." संध्याकाळी आईनं गार दूधभात दिला. तुम्ही शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होता. मला कोणी गाव विचारलं नाही, गाडी विचारली नाही. मी खुर्चीत बसलेसुद्धा नाही.

मग त्या उन्हाळाभर ती येत राहिली. मी घर आणि दवाखाना यांच्यामधल्या पडद्याआड उभी राहते. तुम्ही एक बारीक सुई बोटांत फिरवता, लवंगेच्या तेलाचा वास येतो, आणि तुम्ही बोलत असता. घरी तुम्ही जेवतानासुद्धा बोलत नाही. तिच्या तोंडात हात घालून मात्र तुम्ही हैदराबादच्या गोष्टी सांगता. तिला उत्तर देता येत नाही, ती फक्त घशातून हुंकार देते. मला शब्द नीट ऐकू येत नाहीत, तिचे हुंकार तेवढे ऐकू येतात. मी मधल्या खोलीत जाऊन आईला विचारते, "तिची ठेवली, मग माझी का काढली?" आई म्हणते, "ते ह्यांना विचार." मी विचारलं नाही. जूनमध्ये मला औरंगाबादच्या वसतिगृहात पाठवलंत. पुढं दातांच्या कॉलेजात गेले तेव्हा मनाशी ठरवलं होतं की पदवी हातात पडली की एका डॉक्टरनं दुसऱ्याला विचारावं तसं विचारेन. मी तिसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात.

मंगळवारचं सांगते. तिची दाढ लय ठणकायलीय म्हणून ती आली होती. मी टिचकी मारली. पुढच्या मुळावर दुखलं, मागच्यावर नाही. दाढ हलत नव्हती. हिरडीत सगळीकडून मापाची बारीक सळई घालून पाहिली. कुठंही खोल गेली नाही, म्हणजे मूळ उभं तडकलेलं नव्हतं. तसं असतं तर प्रश्नच मिटला होता, तडकलेलं मूळ कोणालाही वाचवता येत नाही. मग एक्स-रे काढला. तुमच्याकडे ते यंत्र नव्हतं. मुळांची लांबी तुम्ही बोटाच्या अंदाजानं मोजलीत आणि साफ केलेली मुळं बुजवायला त्यांत चांदीच्या तारा बसवल्यात. मागच्या मुळातली तार टोकापर्यंत अचूक पोचलेली आहे. मी कॉलेजात एक्स-रे बघत केलेली अशी कामं पाहिली आहेत, ती याहून चांगली नव्हती. पुढच्या मुळातल्या दोन तारा मात्र तोकड्या पडल्यात आणि त्यांच्या टोकाखाली हाडात मसुरीएवढी काळी सावली आहे. बाकी हाड चांगलं. वरची समोरची दाढ शाबूत. हिच्या स्वतःच्या भिंतीही पुरेशा उरलेल्या. पुस्तकात विचारा, कॉलेजात विचारा, कोणीही सांगेल की ही दाढ ठेवायची.

आणि ती म्हणाली, "काढून टाका ना डॉक्टरबाई. बोरीहून सारख्या चकरा कोण मारायलंय? शाळंत रजेचा वांधा."

पेशंट स्वतः काढा म्हणत होती. मी काढली असती तर कोणी बोट ठेवलं नसतं. चिमटा ट्रेमध्येच होता. मला तो उचलावासा वाटला, आणि का वाटला हे मला स्वच्छ माहीत होतं. एक तर तिच्या तोंडातही त्या जागी काही राहिलं नसतं. दुसरं म्हणजे काढलेला दात कोणी मागत नाही. तो माझ्याकडे राहिला असता. तुमचा चष्मा आईनं दिला कुणाला तरी, अवजारं गंजली, आणि तुमच्या हातचं या जगात जे काही उरलं आहे ते असं लोकांच्या तोंडांत आहे. ते मरतील तेव्हा जाईल. माझ्या तोंडात तेही नाही. मी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला. त्यात काही बदललं नव्हतं.

तेव्हा मी तुमचा प्रश्न विचारला. कधी विचारत नाही. मला तो वैद्यकीय वाटत नाही, मी दात बघून सांगते आणि यायचं की नाही हे लोकांवर सोडते. "परत याल का?" ती एकदम सरळ बसली. "सायेब असंच विचारायचे," ती म्हणाली. "येते. शुक्रवारी येऊ का?"

शुक्रवारी तिला बधिर केलं आणि तुमचं भरण कापलं. ते लवकर सुटत नाही, अप्पा, तुम्ही फार घट्ट बसवलं होतं. पुढच्या दोन्ही तारा बारीक चिमट्यानं धरून हळूहळू ओढल्या. काळ्या पडल्या होत्या, पण तुटल्या नाहीत. मागच्या मुळातल्या तारेला मी हात लावला नाही. तिथं दुखणं नाही, सावली नाही. जे बरं आहे ते उघडायचं नसतं.

कापूस बदलताना तिला बोलता आलं. "तुमच्या वडलांनी बकऱ्याच्या मुंडक्याची गोष्ट सांगितली व्हती," ती म्हणाली. "तुमाला तर पाठ असंल." मी म्हटलं, सांगा. तर तुमचे हैदराबादचे उस्ताद म्हणे तुम्हाला माणसाच्या तोंडाला हात लावू देत नसत. बाजारातून बकऱ्याची मुंडकी आणायची, त्यांचे दात भरायचे, आणि काम तपासून झालं की उस्तादांच्या घरी त्याच मुंडक्याचा रस्सा व्हायचा. एकदा तुम्ही भरलेला तुकडा रश्श्यात निघाला आणि उस्तादांच्या दाताखाली आला. "तवा ते म्हनले," ती सांगत होती, "मियाँ, मरे बकरे का भरा हुआ भी नहीं टिका. अब जिंदे को हात लगाने का सोचो भी मत." ती एका गालानंच हसत होती, दुसरा बधिर होता.

आपल्या घरात अंडं आलेलं नाही, अप्पा. तुम्ही रस्सा खाल्लात का? हे आईला माहीत होतं का? मी विचारलं फक्त, "आणखी काय सांगायचे?" ती म्हणाली, "लय. सांगते की, यायचीच हाय अजून तीन-चारदा."

तारा मी उकळून काढल्या. खरं तर गरज नव्हती, त्या टाकायच्याच होत्या. ती उठताना म्हणाली, "त्या मला द्या. बापानं पाच खेपा केल्या त्यांच्यापायी." मी कापसात गुंडाळून तिच्या हातात दिल्या. तिनं कापूस उघडला, बघितलं आणि एक तार माझ्या ट्रेमध्ये परत ठेवली. "एक तुमाला. वडील तुमचे हायेत." ती सहज म्हणाली, वाढताना एखादी भाकरी जास्त ठेवावी तशी. मी आभार मानले. तुमची वस्तू मला तिच्या हातून मिळाली. हे मला आवडलं नाही, अजूनही आवडलेलं नाही. तार टेबलावर आहे. नखाएवढी लांब, केसाहून थोडी जाड.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तरी ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मंगळवारपासून मी त्या रविवारच्या स्वयंपाकघरात तुमच्या तोंडी तो प्रश्न घालून बघते आहे. जूनमध्ये मी वसतिगृहात जाणार होते, मध्ये सुट्टी नव्हती, आणि भरलेली दाढ पुन्हा ठणकली असती तर तिथं तुम्ही नव्हता, हे मला आता डॉक्टर म्हणून कळतं. पण तुम्ही विचारलं नाहीत ते एवढ्याच कारणानं, असं मला वाटत नाही. मला तेव्हा या घरातून, त्या लवंगेच्या वासातून, तुमच्या न बोलण्यातून निघून जायचं होतं, आणि तुम्हाला ते दिसत होतं. "परत येशील का?" असं तुम्ही विचारलं असतंत तर मी आईच्या पोटाशी डोकं ठेवून नाही म्हणाले असते.