सिनेमांचे शेवट बदलल्याबद्दल तक्रार

२३ डिसेंबर, सकाळ
कारखाना उद्यापासून बंद. नाताळची सुट्टी, आठ दिवस. संकल्प दोनच, पण पक्के.

एक: नोटीस बोर्डासाठी 'नाताळच्या सुट्टीत पाहावेत असे सात सिनेमे' ही यादी स्टोअरकीपरला द्यायची. दोन: हॉस्पिटलच्या डॉक्टरविरुद्धची तक्रार ३१ तारखेच्या आत पोस्टात टाकायची. आमची ही जाऊन दहा महिने झाले. डॉक्टर म्हणाला होता, पंधरा दिवसांत घरी पाठवतो. नवव्या दिवशी सगळं संपलं. आमच्या पंपांच्या बाबतीत कुणी अशी हमी दिली असती तर मी अख्खी बॅच परत पाठवली असती. तीस वर्षं क्वालिटी तपासतोय, गंमत नाही.

यादी म्हणजे डाव्या हातचा मळ. सातही सिनेमे बावीस वर्षं दर नाताळात पाहिलेत. तोंडपाठ आहेत. तरी एकदा नजरेखालून घालतो. तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नाही, हा आपला नियम.

२४ डिसेंबर, दुपार
मुलीचा फोन. सुट्टीत माझ्याकडे या, म्हणे. म्हटलं, कामं आहेत. मग म्हणे, ती तक्रार पाठवू नका, मी येते, समोर बसून बोलू. स्वतःच्या आईची सोडून डॉक्टरची बाजू घेते! फोनवर रडल्यासारखी वाटली. लाइन खराब असणार.

२४ डिसेंबर, संध्याकाळी ६
पहिला सिनेमा, स्टेशनमास्तरचा. सोफ्यावर उजवीकडे बसलो. डावी बाजू हिची.

माझी पद्धत अशी: सिनेमा वीस मिनिटं झाला की डोळे मिटून ऐकायचा. एकाग्रता वाढते. चहाच्या वेळी ही मला हलवायची आणि काही बारकावे सुटले असतील म्हणून शेवट सांगायची. आज डोळे मिटून पाहिले, पण एकाग्रता होईना. शेवटपर्यंत टक्क जागा.

सिनेमात गंभीर दोष आहे. स्टेशनमास्तर बर्फात बाकावर बसल्या बसल्या मरतो! खऱ्या सिनेमात शेवटच्या गाडीने त्याचा मुलगा येतो, आणि दोघं घरी जाऊन गरम सूप पितात. सुपात मीठ जास्त पडलेलं असतं, हेसुद्धा मला माहीत आहे.

२५ डिसेंबर
सिनेमाच्या ॲपवाल्यांना फोन. चुकीचा शेवट दाखवल्याची तक्रार नोंदवली. पलीकडची मुलगी नम्र होती. सर, याला एकच शेवट आहे, म्हणाली. म्हटलं, वरिष्ठांना द्या. वरिष्ठ आले. त्यांनी विचारलं, आपण याआधी तो शेवटपर्यंत पाहिला होता का? असल्या उद्धट प्रश्नांना मी उत्तर देत नाही. फोन ठेवला.

चहा दोन कप झाला. पातेलंच त्या मापाचं आहे.

२६ डिसेंबर
कुत्र्याचा सिनेमा. कुत्रं परत येत नाही. आमच्या सिनेमात वसंतात परत येतं, सोबत कुत्री आणि तीन पिल्लं. तिसरं लंगडं.

खात्रीसाठी स्टोअरकीपरला फोन केला. मागे कँटीनमध्ये यावरून आमची जुंपली होती आणि मी त्याला गप्प केला होता. आज तो म्हणाला, साहेब, ते कुत्रं मरतंच. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण तुम्ही इतकं रंगवून सांगायचात, म्हटलं राहू द्या.

राहू द्या म्हणजे काय? तीस वर्षांच्या इन्स्पेक्टरला राहू द्या?

निष्कर्ष: कंपनीने गुपचूप शेवट बदललेत. मोठा कट आहे.

२७ डिसेंबर, दुपार
जहाजाचा सिनेमा लावला. जहाज बुडालं. मी बारीकसारीक नोंदी करत होतो, तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली: अजून पाहताय का? ही अगदी असंच विचारायची. मी मोठ्याने म्हटलं, हो गं, जागाच आहे.

मग डावीकडे पाहिलं. तिकडची उशी दबलेली होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. हलक्या दर्जाचा फोम. मी असतो तर पास केला नसता.

तरी उशीला हात लावला नाही.

२८ डिसेंबर
खेळण्यांच्या दुकानाचा सिनेमा. यात दुकानदाराची बायको आजारी पडते. सगळ्यात आवडता. कारण शेवटी ती उठते, दुकानाचं दार निळं रंगवते. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं निळं, असं हिने सांगितलं होतं.

निळं दार अख्ख्या सिनेमात नाही. पुढेमागे करून तीन तास शोधलं. बायको उठतच नाही. दुकान बंद होतं, बाहेर बर्फ, संपलं. सिनेमावाल्यांना आमच्या डब्यांचा रंग कळला कसा, हा प्रश्न मनात आला होता. योगायोग असणार.

टीव्ही बंद केला. स्वयंपाकघरातून स्पष्ट आवाज आला: मग काय झालं, सांगू?

म्हटलं, सांग.

बराच वेळ उभा राहिलो. फ्रिज तेवढा घुरघुरत होता. त्याची सर्व्हिसिंग राहिली आहे.

इथे शाईने नोंदवून ठेवतो: ही खोटं बोलणारी नव्हती. बावीस वर्षांत एकदाही नाही.

२९ डिसेंबर
उरलेले तीन सिनेमे पाहिले नाहीत. नमुना तपासणीत चार नापास म्हणजे बॅच नापास.

तक्रार टाइप केली. शिस्तीत, आमच्या कारखान्याच्या तक्त्यात: दोष, तारीख, प्रत्यक्ष साक्षीदार. पहिल्या ओळीत लिहिलं, 'डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत घरी.' प्रत्यक्ष ऐकणारा: मी.

तिथे अडलो. आमच्याकडे ऐकीव माहितीवर शिक्का चालत नाही. मी स्वतःच कितीतरी जणांना यावरून झापलंय. डॉक्टर आला तेव्हा मी पलंगाशेजारच्या खुर्चीत डोळे मिटून होतो. एकाग्रतेसाठी. हिने मला हलवलं आणि म्हणाली, अहो, डॉक्टर येऊन गेले. पंधरा दिवसांत घरी, म्हणाले.

पोस्टात गेलो नाही. गर्दी असणार.

३० डिसेंबर, दुपार
मुलगी आली. न कळवता. बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, आधी टेबलावरचा कागद उचलला. मी म्हटलं, फक्त साक्षीदाराचा रकाना राहिलाय. त्या दिवशी तू तिथे होतीस ना?

होते बाबा, म्हणाली.

मी पेन काढलं. डॉक्टर काय म्हणाले ते तिने सांगितलं. ते म्हणाले होते, आठ-दहा दिवस, फार तर. ज्यांना कळवायचं त्यांना कळवून घ्या.

मी म्हटलं, मग मला का नाही उठवलं?

ती म्हणाली, मी उठवतच होते. आईने हात धरला. म्हणाली, झोपू दे. त्यांना शेवट मी सांगते, मला सवय आहे.

मग मुलगी तिथेच बॅगवर बसली आणि हुंदके देऊन रडली. दहा महिने हे एकटीने पोटात ठेवलं होतं पोरीने, आणि मी फोनवर लाइन खराब म्हणत होतो. चहा केला. कप तीन झाले. तिने मोजले.

३१ डिसेंबर
तक्रार फाडली. डॉक्टरने त्याचं काम चोख केलं होतं. झोपलो मी होतो. ते नऊ दिवस मी घराला रंग देत होतो, ही घरी येणार म्हणून. तिच्याजवळ बसायचं सोडून भिंती घासत होतो. ही रोज विचारायची, कुठवर आला रंग? आणि मी मूर्खासारखा सांगायचो, हॉल झाला, आता फक्त तुझी खोली.

दुपारी स्टोअरकीपरचा फोन. साहेब, यादीचं काय? म्हटलं, जमणार नाही. म्हणाला, अहो, दरवर्षी पाहता ना सात सिनेमे? म्हटलं, मी पाहिलेत ते कुणी काढलेलेच नाहीत.

बरं साहेब, राहू द्या, म्हणाला.